‘सेल्फ-केअर’ आणि ‘माइंडफुलनेस’: घरगुती शब्द हवेत

मजकूरवाला: घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करणाऱ्या बायकांसाठी चार पानांची पुस्तिका मराठीत करतोय. दोन शब्दांवर घोडं अडलंय. ‘स्वतःची काळजी’ असा मथळा एकीला दाखवला, तर म्हणाली, “काळजीच तर करतेय रात्रंदिवस, आणखी कसली करू?” आणि माइंडफुलनेसला, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याला, ‘सजगता’च लिहायचं का?

शेंडेफळ: तिचं बरोबर आहे. काळजी वाटते, लागते, करतो, काळजीत पडतो. एवढ्या प्रयोगांत सेल्फ-केअरचा अर्थ फक्त ‘घेणे’ लावल्यावर मिळतो. मथळ्यात तुम्ही नेमकं क्रियापदच गाळलंत. ‘स्वतःची काळजी घेताना’ करा. किंवा ‘जपणे’ वापरा. “जिवाला जप गं” हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

दुपारची झोप: ‘निगा’ कशी वाटते?

शेंडेफळ: फारसी ‘निगाह’वरून आलेला छान शब्द आहे, पण आता केसांची, बागेची, फार तर बाळंतिणीची निगा उरलीय. स्वतःची निगा म्हटलं की मला तेलाची जाहिरात आठवते.

वऱ्हाडी ठेचा: मराठीत हे उलट बाजूनं बोलतात. हयगय, हेळसांड, आणि सगळ्यांत नेमका ‘आबाळ’. जेवणाची आबाळ, झोपेची आबाळ. यात शरीरही आलं आणि कुणी विचारत नाही हे दुःखही आलं. ‘स्वतःची आबाळ होऊ देऊ नका’ लिहा. ‘करू नका’ नको, त्यात दोष तिच्यावरच येतो. आबाळ बहुतेक वेळा होते, कुणी मुद्दाम करत नाही.

मजकूरवाला: हे पटलं. आता दुसरा शब्द.

पोथीपुराण: मूळ पाली शब्द ‘सति’, म्हणजे संस्कृत ‘स्मृति’. पालीचे इंग्रज अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 1881 मध्ये त्यासाठी ‘माइंडफुलनेस’ योजला. 1979 मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्यासाठी कार्यक्रम सुरू केला आणि शब्द दवाखान्यात पोचला. आपल्याकडे ‘अवधान’ आहेच. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय त्यानंच सुरू होतो: अवधान द्या, मग सर्वसुखाला पात्र व्हाल. ‘सावधपण’ रामदासांचं, पण आज ‘सावधान’ म्हटलं की विजेच्या खांबावरची कवटी दिसते.

दुपारची झोप: आणि ‘भान’? श्वासाचं भान, पावलांचं भान.

वऱ्हाडी ठेचा: भानाची गंमत आहे. कीर्तनात देहभान हरपलं तर कौतुक, आणि घरात “भान ठेव जरा” म्हणजे झापणं. तरी ‘सजगता’पेक्षा जवळचं. सजगता पुस्तकात शोभते. इगतपुरीला विपश्यनेच्या ध्यानशिबिरात दहा दिवस बसून आलेला माणूसही ‘सजग’ म्हणतो, पण ते शिबिर केलेल्यांना कळतं.

शेंडेफळ: माझं मत, नामच नको. ‘कूस बदलून दिलीत की लगेच पुढच्या कामाला धावू नका. चार श्वास येताजाताना नुसते बघा.’ झालं. मथळ्यात हवंच असेल तर ‘श्वासाकडे लक्ष’.

पोथीपुराण: एक ‘स्वस्थ’ राहिला. हिंदीत तो निरोगी. मराठीत मनानं निवांत. ‘अस्वस्थ वाटू लागल्याने दाखल केले’ असं बातमीत येतं तेव्हा छातीतली कळही त्यात आणि घालमेलही त्यात. वेल-बीइंगला, म्हणजे एकूण बरं असण्याला, ‘स्वास्थ्य’ म्हणा, मन आणि शरीर वेगळं लिहावं लागणार नाही.

वऱ्हाडी ठेचा: स्वास्थ्य ठीक. पण “स्वस्थ काय बसलीस?” हे त्याच बाईला दिवसातून कितीदा ऐकावं लागतं! तुमची पुस्तिका तिच्याच हातात देणार असाल तर अर्धं काम झालं. एक पान घरच्यांसाठी काढा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘रोज अर्धा तास पेशंटजवळ तुम्ही बसा, सगळं करणाऱ्या बाईला स्वस्थ बसू द्या.’

मजकूरवाला: पाचवं पान वाढवतोय.