ऑपरेशनच्या आधीचे दिवस: वजनाची शस्त्रक्रिया झालेल्यांनो, तुमचं सांगा

धागा काढणारी, दारव्हा तालुका, यवतमाळ

नमस्कार सगळ्यांना. माझं वय 38, उंची 155 सेंटिमीटर, वजन 104 किलो. नागपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागं गणित मांडून दाखवलं. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि त्यानं वजनाला भागायचं. माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 43 आला. शुगर आहे, गुडघे बोलतात, आणि घोरता घोरता मधेच माझा श्वास थांबतो असं घरचे सांगतात. स्लीव्ह करायची ठरली आहे. दुर्बिणीतून जठराचा जवळपास 75 ते 80 टक्के भाग काढतात आणि केळाच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.

ऑपरेशन कसं करतात ते मला समजलं. मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टींनी. सासूबाईंना कसं सांगू? पुढच्या महालक्ष्म्यांना पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्यांचं पान समोर आलं की मी काय करू? कापूस वेचणीच्या दिवसांत मी दवाखान्यात असणार, मग घरचं कोण पाहणार? आणि रात्री अकरा वाजता लाइट न लावता स्वयंपाकघरात उभी राहून मी जे खाते, ती भूक पोट कापलं की जाते का?

ज्यांचं झालं, ज्यांच्या घरात कोणाचं झालं, ज्यांनी विचार करून केलं नाही, सगळ्यांनी लिहा. चार ओळी लिहिल्या तरी चालतील.

वरुडकडची, ऑपरेशनला 3 वर्षं झाली

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून हातातलं काम ठेवलं. माझा तोच प्रश्न होता आणि मला तो कोणाला विचारता आला नव्हता.

जठराचा जो वरचा भाग काढतात तिथं भुकेचा एक हार्मोन मोठ्या प्रमाणात तयार होतो, घ्रेलिन नावाचा. त्यामुळं पोटातली भूक खरंच कमी होते. पहिले काही महिने तर मला जेवायची आठवण करून द्यावी लागायची. पण अकरा वाजताची भूक पोटातली नसते ताई. ती तशीच राहिली.

ऑपरेशनआधी मला मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं तेव्हा राग आला होता. मी काय वेडी आहे का, असं वाटलं. त्यांनी एवढंच सांगितलं, एक वही करा. काय खाल्लं ते लिहा, किती वाजता ते लिहा, आणि त्याच्या आधी घरात काय झालं तेही लिहा. पोराची जुनी शंभर पानी वही घेतली. दोन आठवड्यांनी पानं उलटून पाहिली तर गूळ-फुटाण्याचा डबा ज्या ज्या रात्री निघाला होता, त्या त्या दिवशी माहेरून वावराच्या वाटणीचा फोन आलेला होता. एकही रात्र चुकली नव्हती. मी त्या वहीकडं बघतच राहिले.

मग फोन आला की अंगणात जायचं आणि बहिणीला फोन लावायचा, असं ठरवलं. जमायचं, कधी नाही जमायचं. ऑपरेशनच्या विसाव्या दिवशी तोच फोन आला. मी सवयीनं डब्यापाशी गेले, झाकण उघडलं, आणि लक्षात आलं की यातलं काहीच आत जाणार नाही. खाऊन दाबायची सोयच राहिली नव्हती. जमिनीवर बसून पोटभर रडले. त्या दिवशी भावाला पहिल्यांदा स्पष्ट बोलले.

तुम्ही वही आजच सुरू करा. ऑपरेशननंतर ही वही करायला वेळ मिळतो, पण आधार राहत नाही. आधीच करा.

नर्स, मूळ गाव काटोल, नोकरी नागपुरात

मी अशा पेशंटच्या वॉर्डात काम करते, म्हणून थोडं तयारीचं.

तारखेआधी साधारण दोन आठवडे वेगळा आहार देतात. भाकरी, भात, साखर जवळपास बंद, आणि ताक, पातळ सूप, प्रोटीन पावडर, उकडलेली भाजी एवढंच. लोकांना वाटतं वजन उतरवायला सांगतात. खरं कारण लिव्हर आहे. लिव्हरचा डावा भाग जठरावर झाकणासारखा असतो. चरबीनं फुगलेलं लिव्हर बाजूला धरणं डॉक्टरांना कठीण जातं, या आहारानं ते आकसतं. चोरून खाल्लं तर ते टेबलावर दिसतं, म्हणून हे दोन आठवडे प्रामाणिकपणे पाळा. ताईंना शुगर आहे, तर या दिवसांत गोळ्या आणि इन्सुलिन किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. खाणं घटलं आणि डोस तोच राहिला तर शुगर धाडकन उतरते.

श्वास अडकतो म्हणता, तर झोपेची तपासणी टाळू नका. श्वासाचं मशीन लावून झोपायला सांगितलं तर आधीपासून सवय करा, भूल देताना त्याचा फार फायदा होतो. एंडोस्कोपी, पोटाची सोनोग्राफी, हृदयाची तपासणी, थायरॉईड, व्हिटॅमिन बी 12, व्हिटॅमिन डी, लोह हे सगळं होईल. वजन उतरवायची, आठवड्याला एक घ्यायची इंजेक्शनं आता 2025 पासून देशात मिळू लागली आहेत. कोणी घेत असेल तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा, कारण त्यानं पोट उशिरा रिकामं होतं.

आणि हे घरातल्या दोघांना तरी पाठ करून ठेवायला लावा: घरी आल्यावर ताप, धाप, पोटात वाढत जाणारं दुखणं, स्वस्थ बसलेलं असतानाही नाडी 120 च्या पुढं, यातलं काही दिसलं की वाट पाहायची नाही. गॅस झाला असेल म्हणून ओवा देत बसू नका, लगेच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा. आत जठराच्या टाक्यांच्या जागी गळती असू शकते. क्वचित होते, पण तिथं तास महत्त्वाचे असतात.

चिखली तालुका, बुलढाणा. बायकोचं ऑपरेशन झालं

वरच्या ताईंनी गळतीचं लिहिलं म्हणून आधी तेच सांगतो. आमच्या गावापासून दवाखाना बसनं पाच तासांवर. डिस्चार्ज तिसऱ्या दिवशी मिळाला, पण आम्ही गावी आलो नाही. मावससाल्याच्या घरी दहा दिवस राहिलो, दवाखान्यापासून वीस मिनिटांवर. सोयाबीन काढून झालं होतं म्हणून जमलं. खर्चात राहण्याचेही पैसे धरा.

विम्याबद्दल. पॉलिसी असेल तर एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका, कागद वाचा. विमा नियामकाच्या नियमात लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला अटींवर संरक्षण आहे: वय 18 किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय 40 किंवा जास्त, किंवा 35 किंवा जास्त आणि सोबत हृदयरोग, झोपेत श्वास थांबण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असे आजार, आणि बाकी उपाय करून फरक न पडलेला. पॉलिसी घेतल्यावर काही काळ थांबावं लागतं, तो प्रतीक्षा काळ वेगळा असतो. डायटिशियनच्या जुन्या चिठ्ठ्या, शुगरचे रिपोर्ट, सगळं जपून ठेवा. आमची एक फाइल पुरात भिजलेल्या पेटीत गेली होती, ते कागद पुन्हा गोळा करण्यात दोन महिने गेले.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. आम्ही गावात खरं सांगितलं नाही. पोटातली गाठ काढली असं सांगितलं. वाटलं, लोकांना कशाला विषय. अडीच महिन्यांनी चुलतभावाच्या पोरीचं लग्न. पंगत बसली. 'गाठ निघाली, आता खा वहिनी, अर्धी झाली बिचारी' म्हणून एकीनं जिलबी वाढली, दुसरीनं भात, काकूनं स्वतःच्या हातानं घास भरवला. हिला नाही म्हणता येईना. मांडवाच्या मागं जाऊन उलट्या केल्या, डोळे पांढरे झाले होते. मी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं की हिचं जठर काढलं आहे, वाटीभर जागा आहे, आग्रह करू नका. कोणी हसलं नाही. काकू तर रडायलाच लागली.

म्हणून ताई, महालक्ष्म्यांच्या आधी सांगून टाका. आपल्याकडं आग्रह प्रेमानंच होतो. त्या माणसाला माहीतच नसेल तर तो वाढणारच.

अकोट तालुका, कास्तकार, वय 52. पोरगी टाइप करून राह्यली

माह्यं वजन 138 होतं. घरचा काटा 120 च्या पुढं जाये नाही. डॉक्टरनं फोनवर वजन इचारलं म्हणून जिनिंगवरच्या काट्यावर उभा राह्यलो, जिथं कापसाची गाठोडी मोजतात. हमाल पाहत होते. त्या दिवशी ठरवलं, आता हे करायचंच.

डॉक्टरनं पहिलेच इचारलं, खर्रा किती? खर्रा म्हंजे पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू. मी म्हटलं दोन. पोरगी म्हणे, बाबा, खरं सांगा. सात होते. डॉक्टर म्हणे, तंबाखूनं रक्ताच्या नळ्या आवळतात, टाके भरून येत नाहीत, जखम चिघळते. पहिले बंद करा, मंग तारीख.

दोन महिने लागले. पहिले आठ दिवस डोकं फुटे, बैलावर बी खेकसत होतो. तोंडापेक्षा हातालेच जास्त आठवण ये. पन्नी घोटल्याबिगर हात राहेच ना. मंग पोरीनं रिकाम्या पन्नीत बडीसोप अन् भाजलेली जवस भरून देल्ली. वावरात बसून तेच घोटो. पानठेल्याचा रस्ता सोडला, दूध डेअरीच्या मागून जात होतो.

अजून एक. आमचा संडास देशी. ऑपरेशनच्या आधीच भाड्यानं खुर्ची आणली. पोटाले टाके असताना उकिडवं बसणं लय जड जाते. हे मले कोणी सांगतलं नव्हतं, शेजारच्या बाळंतिणीच्या मायनं सांगतलं.

आता 96 आहे. काकडआरतीले पायी जातो.

गोंदिया, वय 26

लग्न ठरायच्या आधी करावं की नंतर, यावर घरात वर्षभर वाद झाला. मी आधी केलं. मुलाकडच्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं. दोन ठिकाणांहून नकार आला, तिसऱ्यांनी रिपोर्ट मागितले आणि वाचले. ऑपरेशननंतर साधारण 12 ते 18 महिने दिवस राहू देऊ नका असं डॉक्टर सांगतात, तेही आधीच बोललो.

केसांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. तिसऱ्या महिन्यापासून मूठमूठ केस यायचे. वजन झपाट्यानं उतरलं की होतं, पुढं थांबतं. मला आधी माहीत असूनही आरशासमोर उभं राहवत नव्हतं. आईनं वेणी घालणं सोडलं नाही, जेवढे होते तेवढ्यांची रोज घालायची.

मूर्तिजापूर, शिक्षिका

माझी तारीख ठरली होती, मी मागं घेतली. नवरा जाऊन सात महिने झाले होते. समुपदेशनात विचारलं, हे कोणासाठी करता? मला उत्तर सुचलं नाही. डॉक्टरांनीच सांगितलं की आधी नैराश्याचे उपचार घ्या, ऑपरेशन कुठं पळून जात नाही. तेव्हा अपमान वाटला. आता गोळ्या सुरू आहेत, रोज शाळेच्या मैदानाला चार फेऱ्या मारते. पुढच्या वर्षी पुन्हा विचार करणार आहे. थांबणं म्हणजे हरणं नाही, हे मला त्या वेळी कोणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून इथं लिहिलं.

चंद्रपूर

मे महिन्यात तारीख घेऊ नका. मी घेतली होती. एका वेळी एक घोटच जातो, आणि बाहेर 46 अंश. दोनदा सलाइनसाठी भरती झाले. घोट घोट पाणी पिण्याचा सराव आत्तापासून करा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. भाकरीवर तांब्याभर पाणी पिणाऱ्या आपल्यासारख्यांना हेच सगळ्यात अवघड जातं.

बी 12, लोह, कॅल्शियम, डी या गोळ्या जन्मभराच्या आहेत. कॅल्शियम आणि लोह एका वेळी घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं. तालुक्याच्या मेडिकलमध्ये सगळ्या मिळत नाहीत, तीन महिन्यांच्या एकदम आणून ठेवा.

धागा काढणारी, पुन्हा

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. वही सुरू केली. पाच दिवसांचीच आहे, पण दोन गोष्टी दिसायला लागल्या आहेत. त्या इथं लिहायची हिंमत अजून नाही.

काल सासूबाईंना सांगितलं. चिखलीच्या दादांचं लिहिलेलं आधी ह्यांना वाचून दाखवलं, मग आम्ही दोघं त्यांच्यापाशी बसलो. त्या भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. ऐकून घेतलं. 'पोट कापून टाकतात व माय?' एवढंच म्हणाल्या आणि बराच वेळ नुसत्या सोलत राहिल्या. मला वाटलं, संपलं.

संध्याकाळी लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज आला. ह्यांच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढून, राखेनं घासून आणली. म्हणाल्या, 'यात मावते का पाहा तुझं जेवण.' आम्ही खोकल्याच्या औषधाच्या मापानं पाणी ओतून मोजलं. साठ मिली भरलं. वेचणीच्या दिवसांत घर त्या आणि धाकटी जाऊ पाहणार आहेत.

आज दुपारी त्या वाटीत मुगाचं पाणी घेऊन, चमच्या-चमच्यानं, वीस मिनिटं लावून प्यायचा प्रयत्न केला. बारा मिनिटांत संपलं. उद्या पुन्हा करते.