प्रतिसाद: बाझलचे वकीलसाहेब

वर कुणीतरी ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन (१६८३) हे लोकांसाठी उघडलेलं पहिलं संग्रहालय म्हटलंय. थोडं थांबा, स्वित्झर्लंडमधलं बाझल शहर राहिलं!

बासिलिउस आमेरबाख (१५३३–१५९१) तिथे कायद्याचा प्राध्यापक. आजोबा मुद्रक, वडील बोनिफासिउस हे थोर विद्वान इरॅस्मसचे मित्र आणि वारसदार. त्यामुळे इरॅस्मसच्या वस्तू घरातच होत्या. बासिलिउसची बायको बाळंतपणात गेली, मूलही वाचलं नाही. मग गड्याने सगळा जीव संग्रहात ओतला असावा, असं मला आपलं वाटतं. चित्रकार होल्बाइनची चित्रं, रेखाटनं, नाणी, शिवाय सोनारांचे नमुनेसुद्धा! होल्बाइनचा तो मृत ख्रिस्त याच संग्रहातला: दोन मीटर लांब आणि जेमतेम फूटभर उंच पाटी, हिरवट पडलेला हात, उघडं तोंड. पाहून झोप उडते.

वकिली नजर मात्र सुटली नाही. स्वतः याद्या केल्या. बाझलजवळच्या ऑग्स्ट गावातले रोमन अवशेष मोजूनमापून हे नाट्यगृह आहे, हेही त्यानेच ओळखलं.

पुढे संग्रह परदेशी जाणार अशी चिन्हं दिसताच १६६१ मध्ये शहराने आणि विद्यापीठाने मिळून ९००० थालरना (चांदीची नाणी) तो विकत घेतला. १६७१ ला लोकांसाठी खुला. म्हणजे अ‍ॅशमोलियनच्या बारा वर्षं आधी.