उणे कॅलरीचे पदार्थ खरंच असतात का? हिशेब जुळत नाहीये (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

व्यायामाच्या ग्रुपवर एक यादी फिरतेय. सेलरी, काकडी, लेट्यूस, कोबी, ग्रेपफ्रूट, सफरचंद वगैरे वगैरे. वर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘हे कितीही खा, मिळतात त्यापेक्षा जास्त कॅलरी पचवण्यातच जळतात.’ वजन थोडं उतरवायचं आहे, त्यामुळे वाचून मोह झाला हे कबूल. पण माझं कामच दुसऱ्यांचे हिशेब तपासायचं आहे, आणि हा हिशेब काही केल्या जुळत नाही. म्हणून इथे मांडते.

यादीतला सगळ्यात बलवान उमेदवार घेतला, म्हणजे सेलरी. एक दांडा साधारण ४० ग्रॅमचा. त्यात ३८ ग्रॅम पाणीच, उरलेल्यात चोथा आणि चिमूटभर साखर. एकूण कॅलरी ६. (इथे कॅलरी म्हणजे आहारातली, किलोकॅलरी.)

आता खर्चाची बाजू. चावण्याबद्दल १९९९ सालचा एक प्रयोग सापडला. लोकांना च्युइंगगम मिनिटाला १०० वेळा चघळायला लावून मोजलं, तर तासाला ११ कॅलरी जास्त जळत होत्या. दांडा संपायला फार तर दोन मिनिटं लागतात, म्हणजे अर्धीसुद्धा कॅलरी होत नाही. फ्रिजमधला थंडगार दांडा ५ अंशांवरून शरीराच्या ३७ अंशांपर्यंत तापवायला सव्वा कॅलरी धरली. पचनाला हात सैल सोडून एक तृतीयांश, म्हणजे २ दिल्या. सगळं मिळून पावणेचारच्या आत. सहातून दोन-सव्वादोन उरतातच! शून्यावर यायचं तर एकच दांडा पाव तास चघळत बसावं लागेल.

माझे प्रश्न असे. पचनाचा खर्च मी कमी धरतेय का? पाकिटावर छापलेल्या कॅलरींतून हा खर्च आधीच वजा केलेला असतो का? असेल तर मी तो दोनदा कापतेय. आणि यादी साफ खोटी असेल, तर ती खाऊन लोकांचं वजन उतरतं ते कसं? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

ताई, पचनाचा खर्च तुम्ही कमी नाही, उलट बराच सढळ धरलाय. खाल्ल्यावर पचवणं, शोषणं, साठवणं यात जी ऊर्जा जाते ती पदार्थाच्या घटकांवर ठरते. स्निग्धांशाच्या कॅलरींपैकी जेमतेम ० ते ३ टक्के, पिष्टमय पदार्थांच्या ५ ते १० टक्के, आणि प्रथिनांच्या सगळ्यात जास्त, २० ते ३० टक्के. मिश्र जेवणाची सरासरी १० टक्क्यांच्या आसपास येते. गंमत अशी की खर्चिक प्रथिनं त्या यादीत जवळपास नाहीतच, सगळी पाणीदार भाजी-फळं आहेत.

आणि हा खर्च टक्केवारीत असतो, इथेच यादीवाल्यांची गोची होते. दलालाला व्यवहाराच्या रकमेवर टक्के मिळतात, त्याची दलाली मूळ रकमेच्या वर जात नाही. पदार्थात कॅलरी कमी असल्या की पचनाचा खर्चही त्याच प्रमाणात कमी.

पाकिटाबद्दल: तुम्ही दोनदा कापत नाही आहात. १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी जी पद्धत बसवली, तिच्यातूनच प्रथिनं ४, पिष्टमय ४, स्निग्धांश ९ कॅलरी प्रति ग्रॅम हे आकडे आले. त्यात मल-मूत्रातून वाया जाणारी ऊर्जा वजा केलेली असते, पचनाची मेहनत नाही.

अर्थात ही सरासरी आहे, ती प्रत्येक पदार्थाला चपखल बसत नाही. बदामाचं उदाहरण घ्या. २०१२ साली प्रत्यक्ष माणसांना खाऊ घालून मोजलं, तर २८ ग्रॅम बदामांतून अंगी लागल्या सुमारे १३० कॅलरी, पारंपरिक हिशेबाने निघायच्या १७०च्या आसपास. पेशींच्या भिंती न फुटता बरंच तेल तसंच बाहेर पडतं. फरक मोठा आहे, पण तरी उत्तर शून्याच्या जवळपासही येत नाही.

प्रतिसाद २

यावर थेट प्रयोग झालाय, फक्त माणसांवर नाही. अलाबामा विद्यापीठातल्या संशोधकांनी बिअर्डेड ड्रॅगन नावाच्या सरड्यांना निव्वळ सेलरी खाऊ घातली, मग त्यांचा चयापचय मोजला, मल-मूत्रातून किती ऊर्जा गेली तेही मोजलं. पचनावर साधारण एक तृतीयांश ऊर्जा खर्च झाली, विष्ठेतून आणखी बरीच गेली, आणि एवढं होऊनही जवळपास एक चतुर्थांश सरड्यांच्या पदरात उरली. माणूस म्हणजे सरडा नव्हे हे मान्य. पण धागाकर्तीने हात सैल सोडून धरलेला एक तृतीयांश योगायोगाने तिथेही तेवढाच निघालाय.

प्रतिसाद ३

मग बर्फ खा की! शून्य कॅलरी, वर वितळवायचा खर्च. झालं उणे.

धागाकर्ती

हसू नका, हे मी खरंच विचारणार होते. १ लिटर पाण्याचा बर्फ वितळवायला ८० कॅलरी, मग ३७ अंशांपर्यंत न्यायला आणखी ३७. एकूण ११७. कागदावर तरी हा खरा उणे पदार्थ दिसतोय.

प्रतिसाद १

कागदावर हो. पण शरीर एरवीही सतत उष्णता बाहेर टाकत असतं. थंड काही पोटात गेलं की त्यातला काही भाग असाच टाकाऊ उष्णतेतून भागतो, कातडीकडे जाणारं रक्त थोडं आवरलं की झालं. त्यामुळे ११७ कॅलरी जादा जाळल्याच असं होत नाही. आणि १ लिटर बर्फ चघळून दातांचं काय होईल ते दंतवैद्यांना विचारा. साधं गार पाणी घेतलंत तर अर्ध्या लिटरला पूर्ण हिशेबानेही १६ कॅलरी, म्हणजे अडीच-तीन दांडे सेलरी.

एक मुद्दा मघाशी राहिला, ही यादी जन्माला कशी येते त्याचा. माणूस नुसता पडून असला तरी तासाला ६०-७० कॅलरी जळतात. कोणीतरी म्हणतं, ‘काकडी पचायला तास लागतो, तासात ७० जळल्या, काकडीत होत्या १५, बघा, ५५चा फायदा!’ अहो, त्या ७० काकडी न खाताही जळल्याच असत्या. जमेला धरायचा तो फक्त वाढीव खर्च, आणि तो दीड-दोन कॅलरींच्या वर जात नाही. अशा याद्यांमध्ये मला तरी बहुतेक वेळा हीच चलाखी दिसते.

धागाकर्ती

हां, हे पटलं. आमच्याकडे कोणी असा खर्च दाखवला तर कागद तिथल्या तिथे परत जातो. पण तिसरा प्रश्न राहिलाच. उतरणाऱ्यांचं उतरतं कसं?

प्रतिसाद ४

पोटातली जागा अडते म्हणून. २००४ सालचा प्रयोग आहे, बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांचा. जेवणाआधी मोठं, कमी कॅलरीचं सॅलड दिलं, तर सॅलड धरूनही लोकांनी एकूण १२ टक्के कमी कॅलरी खाल्ल्या. पण तेच सॅलड चीज आणि स्निग्ध ड्रेसिंग घालून जड केलं, तर मोठ्या सॅलडबरोबर एकूण आकडा १७ टक्के वाढला! भाजी तीच. म्हणजे सेलरी काही जाळत नाही, पुढचे घास कमी करते, तेही वर काय ओतलंय त्यावर अवलंबून.

तेव्हा ताई, यादी फेकू नका, वरचं ते ठळक वाक्य तेवढं खोडा. आणि ‘कितीही’ हा शब्द सफरचंदापुढून आधी काढा, १०० ग्रॅमला ५० कॅलरी असतात त्यात. मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रोजची औषधं असतील तर ग्रेपफ्रूटबद्दल डॉक्टरांना विचारूनच घ्या, काही औषधांशी त्याचं अजिबात जमत नाही.

धागाकर्ती

औषधं नाहीत, तरी लक्षात ठेवते. सगळ्यांचे आभार. शेवटची शंका: ड्रेसिंगऐवजी सॅलडवर मी एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल घालते, ते चालेल ना? ‘आरोग्यदायी’ म्हणतात म्हणून विचारते.

प्रतिसाद ४

एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. तुमच्याच हिशेबाने २० दांडे. लहान चमचा घ्या, आणि मोजून.