चित्र गेलं, आवाज राहिला. तुमच्याकडे कधी झालंय असं?

काल रात्री पोरगा कानात बोंड्या घालून एकटाच खिदळत होता. "काय ऐकालाय बे?" तर हास्यजत्रा. मोबाईल खिशात, स्क्रीन बंद, म्हणे बॅटरी वाचते.

मला आमचा सोलापूरच्या साखर पेठेतला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आठवला. १९८५ असेल. पिक्चर ट्यूब गेलेली, आवाज ठणठणीत. तीनेक महिने 'ये जो है जिंदगी' ही दूरदर्शनवरची विनोदी मालिका नुसती ऐकली. वडील मधल्या खिडकीत उभं राहून शेजाऱ्यांच्या टीव्हीत बघून सांगायचे, "पडला, पडला!" तोवर पुढचा डायलॉग सुरू. आम्ही उशिरा हसायचो आणि तोही बुडायचा. सतीश शाह दर भागात नवं सोंग घ्यायचा, आजीला आवाजावरून दर वेळी वेगळाच माणूस वाटायचा. "किती माणसं कामाला ठेवलीत यांनी!" टीव्ही नीट झाल्यावर सगळा एकच गडी निघाला, तर म्हातारी चक्क नाराज. फसवलं म्हणाली.

मागवाला: मागाच्या खडखडाटात आमाला तसंबी अर्धंच ऐकू येतंय. हास्यजत्रेत प्रसाद ओक हसला की समजायचं कायतरी झालं. काय झालं ते जेवणाच्या सुट्टीत बघायचं. परवा असाच हसत बसलो, धागा तुटलेला दिसलाच नाही, टॉवेलभर रेघ. मालकाला काय सांगू, प्रसाद ओक हसला म्हणून?

होटगीरोड: 😂😂 पगार कापला का बे?

मागवाला: नाही. त्यानंबी तो भाग ऐकला.

भाकरीवाली: माझे मामा लहानपणापासून अंध. टीव्हीपुढे आमच्याआधी बसायचे. चिमणराव-गुंड्याभाऊ त्यांना अर्ध्याहून जास्त कळायचं, दिलीप प्रभावळकरांचा आवाजच गडबडलेला. पण मिस्टर बीन लागलं की उठून जायचे. "बोलतच नाही, तर पैसे कशाचे घेतो?" आम्ही सांगायला जायचो, 'आता तो टर्कीत डोकं घालतोय', आणि सांगता सांगता आम्हालाच कळायचं की यात हसण्यासारखं काही उरलं नाही. मामा मात्र आमचा मान राखायला हसायचे. थांबा, भाकरी करपली.

जुनारेडिओ: म्हणून नुसता आवाज उचलून भागत नाही. बीबीसीनं १९७४ मध्ये 'डॅड्स आर्मी' ही आपली टीव्हीवरची विनोदी मालिका रेडिओवर आणली, तेव्हा हॅरॉल्ड स्नोड आणि मायकल नोल्स यांनी टीव्हीच्या संहिता रेडिओसाठी बदलून लिहिल्या, सुरुवातीला निवेदकही दिला. त्यातल्या कॅप्टनचा पडलेला चेहरा रेडिओवर दाखवणार कसा? कुणीतरी बोलूनच दाखवायला लागतो.

होटगीरोड: म्हणजे ह्यांचे वडील खिडकीत उभे होते ते निवेदक. बिनपगारी.

शेंगाचटणी: विषय वेगळा आहे, पण साखर पेठेत कुठं राहायचा? आमचं आजोळ तिथलंच. आमच्या खिडकीतबी एक काका उभे असायचे, आई पडदा ओढून घ्यायची.

धागाकर्ता: अगं, मग ते माझेच वडील!