देवघरातली लाल वाटी जपानी निघाली, ठेवावी की नाही?

अपशिंगेकर_नातू
गाव अपशिंगे, जि. सातारा. आज्जी गेल्यावर देवघर आवरलं. तिची कुंकवाची उथळ लाकडी वाटी पुसली तर तळाशी सोनेरी चांदणी, कडेला जपानी अक्षरं. फोननं वाचून दाखवलं: पायदळ, रेजिमेंट १०, शोवा ३, सेवासमाप्तीची आठवण आणि एका माणसाचं नाव. आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. चुलते म्हणतात, बर्मात मेलेल्या जपान्याची असणार, माहुलीला नेऊन नदीत सोडून ये. काय करू? आणि चिंचेनं घासली तर चालेल का?

रानवारा
बर्माचीच. विकून टाका, भाव येईल.

नाणेवाला_सांगली
चिंच लावू नका! गणपती पेठेतून घेतलेली माझी पहिली वाटी मी गरम पाण्यात बुडवली आणि अर्धी चांदणी फडक्यावर आली. मऊ सुती फडकं जेमतेम ओलं करून पुसा, लगेच कोरडं करा. उन्हात ठेवू नका. दिसायला सावंतवाडीच्या खेळण्यासारखी असली तरी ही लाख नव्हे. आपली लाख किड्याची, ही उरुशी म्हणजे झाडाचा चीक.

आता मेलेल्या माणसाचं. ही साके, म्हणजे जपानी तांदळाची दारू, पिण्याची वाटी. जपानात १८७३ पासून सक्तीची सैन्यभरती होती. पोरगं पलटणीत निघालं की शेजारीपाजारी हातावर पैसे ठेवायचे. नोकरी संपवून तो घरी आला की अशा वाट्या, तबकं, साकेच्या सुरया स्वतःचं नाव घालून करून घ्यायचा आणि त्या सगळ्यांना वाटायचा. आहेराची परतफेड म्हणा. म्हणजे नाव देणाऱ्याचं असतं आणि एकाच नावाच्या पुष्कळ वाट्या निघतात. चांदणी भूदलाची. शोवा हा जपानी शक, त्या सालात १९२५ मिळवा, तुमची १९२८ ची. तेव्हा कुठलं महायुद्ध? तो गडी धडधाकट घरी आला म्हणून तर वाटी झाली.

(विमानं, बॉम्ब असं उठावाचं काम असलेल्या चिनी मातीच्या वाट्या हल्ली दिसतात. त्यांत नव्यानं बनवलेल्याही असतात, जपून.)

आजोबांची पलटण कोणती होती?

अपशिंगेकर_नातू
डिस्चार्ज बुक काढलं. मराठा, पहिली बटालियन.

नाणेवाला_सांगली
अहो, मग बर्मा कुठला! ही पहिली बटालियन म्हणजेच जंगी पलटण, ती इटलीत लढत होती. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच पलटणीत, एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर. युद्ध संपल्यावर १९४६ ला हीच पलटण जपानमध्ये बंदोबस्ताला गेली. हिंदी फौजेचं ठाणं ओकायामाला होतं आणि १० वी रेजिमेंटही ओकायामाचीच. त्या वेळी तिथली माणसं भातासाठी घरातली भांडीकुंडी विकत होती. आजोबांनी बाजारात घेतली असेल नाहीतर रेशनवर बदलून, एवढाच माझा अंदाज. रानवाराभाऊ, भाव फार नाही हो येत, माझ्याकडे अकरा पडल्यात.

अपशिंगेकर_नातू
चुलत्यांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, आण इकडं, कुंकू भरून ठेवतो.

नाणेवाला_सांगली
कुंकू नको हो! सोनं खरवडतं. त्यांना कोयरी घेऊन द्या.