वडिलांची ट्रंक : यंत्रांच्या वापरपुस्तिका आणि मोटारींच्या जाहिराती एकत्र ठेवाव्यात की वेगळ्या कराव्यात?

बाळीवेसकर (सोलापूर)

सप्रेम नमस्कार.

माझ्या वडिलांचे सोलापुरात बाळीवेशीजवळ रेडिओ आणि शिलाई मशीन दुरुस्तीचे लहानसे दुकान होते. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी त्यांनी ते उघडले आणि घरोघरी टीव्ही आल्यानंतर, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, ते बंद केले. या दिवाळीपूर्वी घर रंगवायला काढले तेव्हा माळ्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक सापडली. तिच्यात उषा आणि सिंगर यंत्रांच्या वापरपुस्तिका, मर्फी, फिलिप्स व बुश रेडिओंचे सर्किट छापलेले मोठ्या घडीचे कागद, एका प्रेशर कुकरची पाककृतींसह आलेली पुस्तिका आणि सुमीत मिक्सरचे हमीपत्र असे बरेच काही निघाले.

तळाशी एक लांबट खतावणी होती. वडिलांनी जन्मभर सायकलखेरीज दुसरे वाहन वापरले नाही. पण मोटारींच्या जाहिराती कापून ठेवण्याचा त्यांना नाद होता, हे मला त्या खतावणीमुळे प्रथमच कळले. शेव्हर्लेट, डॉज, फियाट, ॲम्बॅसेडर अशा साठ-सत्तर जाहिराती त्यांनी खळीने चिकटवल्या आहेत. त्यांतल्या काही त्यांच्या जन्माच्याही आधीच्या असाव्यात. बहुधा रद्दीतून आणल्या असतील. एकाही कात्रणावर अंकाचे नाव किंवा तारीख नाही.

जुन्या वस्तूंचा व्यापार करणारे एक गृहस्थ घरी येऊन गेले. त्यांच्या मते पुस्तिकांना गिऱ्हाईक नाही. मोटारींच्या जाहिराती मात्र खतावणीतून सोडवून सुट्या दिल्या तर ते चांगली किंमत देतील. मला पैशांची निकड नाही, पण माझ्यानंतर घरात हे कोणी सांभाळेल असेही वाटत नाही. तेव्हा जाहिराती सोडवणे योग्य ठरेल का, त्यांचा काळ कसा ठरवावा, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात हे कागद कुठे ठेवावेत, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

एक चूक आधीच करून बसलो आहे, तीही सांगतो. सर्वांत देखणी रंगीत जाहिरात मी एका दुकानातून लॅमिनेट करून घेतली. आता तिच्यातली घडी कायमची चिरडली गेली आहे आणि कोपऱ्यावर धरलेली एक कसर प्लास्टिकखाली जशीच्या तशी दिसते.

कागदवेडा (सांगली)

लॅमिनेशन झालेल्या कागदाला हात लावू नका. ते घरच्या घरी सुटत नाही आणि सोडवू गेल्यास छपाईचा थर प्लास्टिकबरोबर निघून येतो. बाकीच्या ट्रंकेचे मात्र काहीही बिघडलेले नाही, असे तुमच्या वर्णनावरून वाटते.

काळ ठरवण्यासाठी तारीख छापलेली असण्याची गरज फारशी पडत नाही. किंमत पाहावी. रुपये-आणे-पै असतील तर कागद १ एप्रिल १९५७ च्या आधीचा किंवा त्याच्या लगतचा. ‘नये पैसे’ असतील तर काम फारच सोपे होते, कारण ‘नया’ हा शब्द १९६४ मध्ये गळाला. म्हणजे अवघी सात वर्षे हातात उरतात. पत्त्यात पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचा. विक्रेत्याच्या शिक्क्यात ‘मुंबई राज्य’ असेल तर बहुधा १ मे १९६० च्या आधीचा. मात्र शिक्के लोक झिजेपर्यंत वापरतात, त्यामुळे शिक्क्यावर एकट्यावर विसंबू नये. इंग्रजीतल्या शिक्क्यात गावाचे नाव ‘शोलापूर’ असे दिसले तर बुचकळ्यात पडू नका, सरकारदरबारी आणि रेल्वेतही पूर्वी तेच लिहीत असत. वस्तूवर आयएसआयची खूण दाखवली असेल तर ती १९५५ च्या आधीची असू शकत नाही.

मोटारींच्या बाबतीत कारखान्यांचा इतिहास मदतीला येतो. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी १९२८ मध्ये सुरू केली, तेव्हा शेव्हर्लेटच्या जाहिरातीत मुंबईत जुळणी केल्याचा उल्लेख असेल तर ती त्यानंतरची. प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ मध्ये स्थापन झाली. तिने आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ वगैरे गाड्या कुर्ल्याला जुळवल्या आणि पुढे फियाटशी करार केला. ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ पासूनचे आहे. आणि ही कंपनी काढणारे वालचंद हिराचंद तुमच्याच सोलापुरात १८८२ मध्ये जन्मले, त्यामुळे तुमच्या वडिलांनी फियाट-डॉजच्या जाहिराती जमवण्यामागे गावाचा अभिमानही असेल, असे मला उगाचच वाटून गेले.

सिंगरच्या पुस्तिकेबरोबर यंत्रही घरात असेल तर त्याच्या बैठकीवर ठोकलेला अनुक्रमांक पाहा. १९०० पासून क्रमांकाआधी इंग्रजी अक्षर येते आणि त्यावरून यंत्र स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातले की अमेरिकेतले, शिवाय कोणत्या वर्षीचे, हे समजते.

ते व्यापारी गृहस्थ किंवा दुसरे कोणी उलट तुम्हालाच जुना कागद म्हणून काही विकू लागले तर एक युक्ती लक्षात ठेवा. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी अंधारात कागदावर धरावी. कागद निळसर चमकला तर त्यात पांढरेपणा आणणारे रसायन आहे, आणि ते कागदात साधारण १९५० नंतरच सर्रास येऊ लागले. ‘१९३० ची अस्सल जाहिरात’ म्हणून घेतलेली माझी एक चौकट अशी लख्ख चमकली होती. ती मी अजून भिंतीवर ठेवली आहे, स्वतःला आठवण म्हणून. कागद चमकला नाही म्हणजे तो जुनाच, असा उलटा अर्थ मात्र काढू नये.

व्हॉल्व्हवाले (जुळे सोलापूर)

पुस्तिकांना गिऱ्हाईक नाही, हे साफ खोटे आहे. जुने व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या नळ्यांचे) रेडिओ संच दुरुस्त करणारे आम्ही जे थोडे लोक उरलो आहोत, त्यांना सर्किटचा मूळ कागद मिळाला तर संच मिळाल्याहून जास्त आनंद होतो. कंडेन्सर (विजेचा भार साठवणारा भाग) जळून त्याच्यावरचा आकडा पुसला गेला की त्या जागी काय होते हे त्या कागदावाचून कळत नाही, आणि अंदाजाने बसवलेला कंडेन्सर ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो.

त्या कागदांवर वडिलांनी पेन्सिलीने काही लिहिले आहे का, ते नीट पाहावे. दुरुस्ती करणारा माणूस छापील आकडा खोडून त्याच्या शेजारी प्रत्यक्षात चाललेला आकडा लिहितो. कारखान्याने मधेच केलेला बदल पुष्कळदा एवढ्या एकाच जागी नोंदलेला असतो. खोडरबर अजिबात लावू नका. ट्रंकेत रेडिओच्या परवान्याची पुस्तिका असेल तर तीही याच ढिगात ठेवा. १९३३ च्या कायद्याने रेडिओ बाळगायला परवाना लागत असे, तो पोस्टातून मिळे आणि दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावा लागे, त्यामुळे तिच्यावरच्या शिक्क्यांवरून तो संच किती वर्षे वाजत होता हे कळते.

बांधणीकार (पुणे)

मी वाचनालयांची जुनी पुस्तके बांधतो, म्हणून कागदापुरते बोलतो.

पहिली गोष्ट, खतावणी उसवू नये. खळ पाण्याने सुटते हे खरे, पण वर्तमानपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, वयाबरोबर तो आम्लाने ठिसूळ होतो आणि ओला केला की तुमच्या बोटांतच राहतो. वाफ द्यावी असे कोणी सांगेल, तर त्याला आधी त्याच्या स्वतःच्या लग्नपत्रिकेवर प्रयोग करायला सांगावे. दुसरे असे की ती नुसती कात्रणवही नाही. खतावणी आधी हिशेबाला वापरली असेल तर शेवटच्या नोंदीची तारीख पाहा. जाहिराती बहुधा त्यानंतर चिकटवल्या गेल्या असतील. कोणत्या माणसाने, कोणत्या क्रमाने, कशाच्या शेजारी काय लावले, हे सुट्या पानांवरून पुन्हा कधीही उभे करता येत नाही.

प्रत्येक पानाचे स्कॅनिंग मात्र जरूर करा. छापील चित्र टिपक्यांचे असते, त्यामुळे कमी रिझोल्यूशनला त्यावर जाळीसारखी नक्षी उमटते. सहाशे डीपीआय (इंचाला सहाशे ठिपके) ठेवल्यास ती बरीच टळते. वही सपाट दाबून तिचा कणा मोडण्यापेक्षा वरून कॅमेऱ्याने फोटो काढलेले बरे. हे चारचौघांसाठी इंटरनेटवर ठेवणार असाल तर हक्कांचेही पाहावे लागेल. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार निनावी कृतीचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो. लेखक किंवा चित्रकार माहीत असेल तर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. जाहिरातीच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही आहे का, ते त्यासाठी पाहायचे.

साठवणीचे बोलायचे तर माळा हीच सोलापुरातली सर्वांत वाईट जागा. पत्र्याखालच्या उन्हात कागद भाजून निघतो. तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत, भिंतीपासून चार बोटे पुढे ओढलेल्या लोखंडी कपाटात हे सारे आडवे ठेवा. पुस्तिकांच्या गंजलेल्या पिना उलटण्याने हळूच उघडून काढाव्यात आणि त्या जागी पांढरा सुती दोरा घालावा. चिकटपट्टी कुठेही नको. पीव्हीसीची स्वस्त पाकिटेही नकोत, ती स्वतःच आम्ल सोडतात. आपल्याकडे पेशवे दफ्तरातले कागद कापडी रुमालांत बांधून ठेवत, ती पद्धत आजही उत्तम आहे; धुऊन खळ काढलेले कोरे मांजरपाट घ्यावे. (सोलापुरी चादर कितीही प्रेमाची असली तरी या कामाला नको, रंग लागतो.)

कसर जिवंत असेल तर कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या यांच्यावर भागत नाही. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर कागदावर दव धरते.

कागदवेडा (सांगली)

बांधणीकारांशी मी सहमत आहे. एक भर घालतो. तारीख नसलेल्या कात्रणांसाठी जुनी बांधीव मासिके चाळावीत. ‘किर्लोस्कर’ १९२० मध्ये कारखान्याचे पत्रक म्हणून सुरू झाले आणि त्याच्या पुढच्या वर्षांच्या अंकांत यंत्रांच्या जाहिराती रेलचेल आहेत. तुमच्या गावच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करावी. वाचनालयाला ज्यांचे नाव आहे ते वालचंदांचे वडील, त्यामुळे डॉजच्या जाहिरातीची तारीख तिथे सापडली तर मला कळवायला विसरू नका.

बाळीवेसकर (सोलापूर)

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. व्यापारी गृहस्थांना नाही म्हणून कळवले. ट्रंक माळ्यावरून खाली आणली आणि आजवर दोन रविवार त्यातच गेले.

व्हॉल्व्हवाले यांनी म्हटल्याप्रमाणे पेन्सिलीच्या खुणा जागोजाग आहेत. मर्फीच्या एका सर्किटवर कंडेन्सरभोवती वर्तुळ काढून ‘छापील चूक, हा नको’ असे लिहिले आहे. उषाच्या पुस्तिकेत तेल घालण्याच्या जागा दाखवणारे पान इतके तेलकट झाले आहे की पलीकडची अक्षरे आरपार दिसतात. समासात ‘दर शनिवारी दोनच थेंब, गिऱ्हाईकाला सांगणे’ अशी ओळ आहे. हे कागद तुम्ही पाहायला यावे. हव्या त्या सर्किटची नक्कल आनंदाने देईन.

खतावणी दुकानाचीच निघाली. शेवटची नोंद १९६१ च्या फेब्रुवारीतली आहे. एक पान खिडकीशी धरले तेव्हा डॉजच्या जाहिरातीच्या पाठीमागून वडिलांचे अक्षर उलटे दिसू लागले. आरशात धरून वाचले : रेडिओ एक, व्हॉल्व्ह दोन बदलले, बाकी येणे साडेआठ रुपये. गिऱ्हाइकाचे नाव बरोबर मोटारीच्या पुढच्या चाकाखाली आले आहे, ते काही लागत नाही.