मदत हवी आहे: पीसीआरमध्ये (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढताना) ६२० बेस पेअरचा (अक्षर-जोड्यांचा) बँड येतच नाही

२५ मायक्रोलिटरची रिअ‍ॅक्शन आहे: जिनोमिक डीएनए ५० नॅनोग्रॅम, दोन्ही प्रायमर (तुकड्याच्या दोन टोकांना चिकटणारे छोटे डीएनए, फॉरवर्ड आणि रिव्हर्स) प्रत्येकी ०.४ मायक्रोमोलर, चारही डीएनटीपी (नव्या डीएनएचा कच्चा माल) प्रत्येकी ०.२ मिलिमोलर, मॅग्नेशियम १.५ मिलिमोलर, टॅक (प्रती काढणारं एन्झाइम) १ युनिट. ९५ अंशांवर ३ मिनिटं, मग ३५ सायकल: ९५ ला ३० सेकंद, अनीलिंग (प्रायमर चिकटण्याचा टप्पा) ३० सेकंद, ७२ ला ४५ सेकंद. अनीलिंगला ५२ ते ६० ग्रेडियंट लावून झालं. जेलवर (इथे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात) १०० बेस पेअरच्या खाली फक्त पुसट डाग, तोही टेम्प्लेट (मूळ डीएनए) न घातलेल्या नळीतसुद्धा. याच डीएनएवर, याच मिक्समध्ये दुसऱ्या जीनचे प्रायमर नीट चालतात. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
मॅग्नेशियम वाढवा. तुमचे डीएनटीपी मिळून ०.८ मिलिमोलर होतात, तेवढं मॅग्नेशियम तेच अडकवतात. डीएनए टीई बफरमध्ये असेल तर त्यातलं ईडीटीए मॅग्नेशियम आणखी खातं. ०.५ च्या टप्प्याने ३ पर्यंत जाऊन बघा.

प्रतिसाद २
मॅग्नेशियम कमी पडत असतं तर दुसरा जीनही रुसला असता. खालचा डाग म्हणजे प्रायमर-डायमर, प्रायमर एकमेकांनाच चिकटून झालेला छोटा तुकडा. रिव्हर्स प्रायमर कसा काढलात?

प्रश्नकर्ता
सिक्वेन्सच्या शेवटी ‘जी ए सी ए जी टी टी सी’ आहे. प्रत्येक अक्षराखाली त्याची जोडी लिहिली, म्हणून प्रायमर ‘सी टी जी टी सी ए ए जी’ असा संपतो.

प्रतिसाद २
मग गफलत तिथेच आहे. जोड्या बरोबर, पण दिशा उलटी. डीएनएचे दोन धागे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने धावतात, म्हणून तुम्ही खाली लिहिलेली ओळ ३′ कडून ५′ कडे (ही धाग्याच्या दोन टोकांची नावं) जाते. ऑर्डर मात्र ५′ कडून ३′ कडे वाचली जाते. (प्रायमर बनवणारं मशीन रासायनिक जोडणी ३′ टोकापासूनच सुरू करतं, पण फॉर्म भरताना त्याच्याशी आपला संबंध नाही.) तुमचा प्रायमर ‘जी ए ए सी टी जी टी सी’ असा सुरू व्हायला हवा.

जीसी टक्के (जी आणि सी अक्षरांचं प्रमाण) उलट लिहूनही तेच राहतात, वितळण तापमानही जवळपास तेवढंच, त्यामुळे कॅल्क्युलेटरला ही चूक दिसत नाही. शिवाय एकटा फॉरवर्ड प्रायमर चालला तर ३५ सायकलनंतर टेम्प्लेटमागे फार तर ३५ प्रती. जेलवर त्या दिसणारच नाहीत.

नवा प्रायमर मागवण्याआधी फॉरवर्ड जसाच्या तसा सिक्वेन्समध्ये शोधा, आणि रिव्हर्सचा रिव्हर्स कॉम्प्लिमेंट (जोडीची अक्षरं उलट क्रमाने) काढून शोधा. दोन्ही सापडले तरच ऑर्डर द्या.